मूठभर मनुकांचा सण : वेल्स देशातील ‘बारा ब्रीथ’

सणाचे पक्वान्न श्रीमंतांच्या मुदपाकखान्यातच जन्माला येते, असा आपणा सर्वांचा एक समज असतो. वस्तुतः द्वारकेच्या राजमंदिरात ज्या खाद्याला सर्वांत मोठा मान मिळाला, ते सुदाम्याच्या पत्नीने शेजारीपाजारी मागून आणलेले आणि फाटक्या वस्त्रात बांधून दिलेले मूठभर पोहे होते. ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेली असते. परंतु सणासुदीच्या खरेदीच्या धांदलीत आणि पदार्थांच्या लांबत जाणाऱ्या यादीत तिचा अर्थ कित्येकदा निसटून जातो. तो अर्थ पुन्हा ध्यानी आणून देणारा एक साधासुधा पदार्थ, ब्रिटन बेटाच्या पश्चिमेला असलेल्या वेल्स या डोंगराळ देशात पिढ्यान् पिढ्या भाजला जात आला आहे. त्याचे नाव ‘बारा ब्रीथ’.

या नावातील ‘बारा’चा आपल्या अकरा-बाराशी काही संबंध नाही. वेल्श भाषेत ‘बारा’ म्हणजे पाव आणि ‘ब्रीथ’ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा, चितकबरा. सुरीने काप काढला असता तांबूस गाभ्यात काळ्या-तपकिरी मनुकांचे ठिपके उमटलेले दिसतात, म्हणून हा ‘ठिपक्यांचा पाव’. दक्षिण वेल्समध्ये याच जातीच्या पदार्थाला ‘तेइसेन दोर्थ’ असेही म्हणतात. वेल्श ही केल्टिक कुळातील, इंग्रजीहून अगदी निराळी भाषा. २०२१ च्या जनगणनेत वेल्समधील सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे शेकडा १७.८ जणांनी, आपणास ती बोलता येते असे नोंदविले. उरलेल्या बहुसंख्य घरांत आता इंग्रजीच बोलली जाते. पण त्या घरांतही या पावाला मात्र त्याच्या वेल्श नावानेच हाक मारतात. भाषा ओठांवरून उतरली तरी ताटात टिकून राहिली, असेच म्हणावे लागेल.

आठवड्याची भट्टी

जुन्या वेल्समध्ये शेतकऱ्याच्या घरी पाव रोज भाजला जात नसे. जळण जपून वापरावे लागे आणि भट्टी तापविणे हे मोठे कष्टाचे काम असे. म्हणून आठवड्यातला एक दिवस पाव भाजण्यासाठी ठरलेला असे. घरातील माणसांना आठवडाभर पुरतील इतके पाव त्या एका दिवशी भाजून निघत. त्या खमिराच्या पिठाचा एक गोळा गृहिणी बाजूला काढून ठेवी आणि त्यात थोडी चरबी अथवा लोणी, थोडी साखर, चिमूटभर मसाला आणि मूठभर सुक्या मनुका मळून मिसळी. घरचा मोठा पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी ऊब उरे, तिच्यावर हा छोटा पाव भाजला जाई, असे सांगितले जाते.

या व्यवस्थेत एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे. सणाच्या पावासाठी वेगळे पीठ नव्हते, वेगळी भट्टी नव्हती, वेगळा दिवसही नव्हता. रोजच्याच अन्नातला एक घास बाजूला काढून त्याला सणाचे रूप दिले जाई. मनुका त्या थंड, पावसाळी देशात पिकत नाहीत. त्या ग्रीस आणि तुर्कस्तान यांसारख्या उन्हाच्या देशांतून जहाजाने येत. बारीक काळ्या मनुकांना इंग्रजीत ‘करंट’ म्हणतात, ते नाव ग्रीसमधील कॉरिंथ या शहराच्या नावावरून पडले आहे. दालचिनी, लवंग आणि जायफळ तर त्याहूनही दूरच्या पूर्वेकडून येणार. तेव्हा मूठभर मनुका आणि चिमूटभर मसाला ही गरीब घराची मोठीच चैन होती, आणि म्हणूनच तिचा वापर सणावारी, पाहुण्यांसाठी आणि तोही हात राखून होई.

ज्यांच्या घरी भिंतीत बांधलेली भट्टी नसे, त्या बायका जाड लोखंडी भांड्यात पाव ठेवून, भांडे विस्तवावर मांडीत आणि झाकणावरही पेटलेले पीट, म्हणजे दलदलीतून खणून वाळविलेल्या मातीच्या जळणाच्या विटा, रचून ठेवीत. खालून आणि वरून सारखी आच लागून पाव उत्तम भाजला जाई. कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स येथे १९४८ मध्ये वेल्श लोकजीवनाचे संग्रहालय उघडले. तेथील अभ्यासिका मिनवेल टिबट यांनी गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून जुन्या पाककृती तोंडी ऐकून उतरवून घेतल्या आणि त्या १९७६ मध्ये ‘वेल्श फेअर’ या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे केवळ हातांच्या सवयीने चालत आलेली विद्या अशा रीतीने कागदावर सुरक्षित झाली.

संत डेव्हिड आणि लहान लहान गोष्टी

वेल्सचा राष्ट्रीय सण म्हणजे १ मार्च, संत डेव्हिड यांची पुण्यतिथी. वेल्श भाषेत त्यांना ‘देवी’ म्हणतात. आपल्या कानाला हे नाव किती जवळचे वाटते! हे सत्पुरुष इसवी सनाच्या सहाव्या शतकात होऊन गेले, आणि त्यांच्या निर्वाणाचे वर्ष परंपरेने ५८९ मानले जाते. त्यांचे लॅटिन चरित्र अकराव्या शतकाच्या अखेरीस रिगिवार्ख या धर्मपंडिताने लिहिले. त्यात डेव्हिड यांच्या मठातील जीवनाचे जे वर्णन आहे, ते वाचताना आपल्याकडील एखाद्या ऋषींच्या आश्रमाचीच आठवण यावी. मठातील साधक बैल न जुंपता स्वतःच नांगर ओढीत. मांस वर्ज्य होते. मीठ घातलेल्या भाजीपाल्याबरोबर भाकरी आणि प्यायला पाणी, एवढाच आहार. डेव्हिड यांना लोक ‘जलप्राशी’ या अर्थाच्या नावाने ओळखू लागले, यावरून त्यांच्या संयमाची कल्पना येईल.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला त्यांच्या समाधिस्थानी मोठे मंदिर उभे आहे. मध्ययुगात या स्थानाचे माहात्म्य एवढे वाढले की, येथे दोनदा केलेली यात्रा रोमच्या एका यात्रेइतकी आणि तीनदा केलेली यात्रा जेरुसलेमच्या एका यात्रेइतकी पुण्यप्रद मानली जाऊ लागली. दूरच्या महातीर्थाला जाऊ न शकणाऱ्या भाविकांसाठी घराजवळच्या क्षेत्राला तितकेच पुण्य देण्याची ही दृष्टी आपल्याला परकी वाटणार नाही.

देह ठेवण्यापूर्वी डेव्हिड यांनी अनुयायांना जो उपदेश केला, तो परंपरेने जपून ठेवला आहे. आनंदी राहा, श्रद्धा सांभाळा, आणि माझ्याजवळ पाहिलेल्या व ऐकलेल्या लहान लहान गोष्टी करीत राहा, असा त्याचा भावार्थ. मोठमोठे पराक्रम करा, असे या संताने सांगितले नाही. वेल्समध्ये आजही ‘लहान लहान गोष्टी’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी आहे. १ मार्चला मुले पारंपरिक पोशाख घालतात, छातीवर पिवळे डॅफोडिलचे फूल अथवा कांद्याच्या जातीच्या ‘लीक’ भाजीची पात खोवतात, आणि सायंकाळच्या चहाबरोबर घरोघरी बारा ब्रीथचे काप वाढले जातात. लहान गोष्टींचा महिमा सांगणाऱ्या संताच्या दिवशी मूठभर मनुकांचा हा पाव ताटात असावा, यापेक्षा उचित ते काय?

प्रार्थनामंदिरातील चहा

आता या कथेत आपल्या देशाचाही थोडासा वाटा आहे, तो पाहू. अठराव्या शतकात चहा ब्रिटनमध्ये अतिशय महाग होता, कारण त्यावर जबर कर असे. १७८४ च्या कायद्याने तो कर शेकडा ११९ वरून शेकडा साडेबारावर आणला गेला आणि चहा हळूहळू सामान्यांच्या घरात शिरला. पुढे जानेवारी १८३९ मध्ये लंडनच्या लिलावात आसामचा चहा प्रथम विकला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील पेल्यांतला बहुतेक चहा भारत आणि सिलोन येथून येऊ लागला होता. वेल्समधील स्लेटच्या खाणींतील मजूर असो की कोळशाच्या खाणीतील, त्याच्या घरची किटली या पूर्वेच्या पानांवर उकळत होती.

याच शतकात वेल्समध्ये प्रार्थनामंदिरांची मोठी लाट आली. इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून वेगळे झालेल्या पंथांनी खेडोपाडी आपली साधी, दगडी ‘चॅपेल’ बांधली. १७८५ च्या सुमारास बाला गावच्या टॉमस चार्ल्स यांनी चालना दिलेल्या रविवारच्या शाळांत लहान मुलांबरोबर प्रौढ माणसेही वेल्श वाचायला शिकली. धर्मग्रंथ वेल्शमध्ये १५८८ पासूनच उपलब्ध होता. बिशप विल्यम मॉर्गन यांनी तो संपूर्ण भाषांतरित केला होता. मातृभाषेतील धर्मग्रंथ आणि मातृभाषेतील सामुदायिक गायन यांनी वेल्श भाषा तगविली, हे इतिहासकार मान्य करतात.

या मंदिरांनी मद्यपानाविरुद्ध मोठी चळवळ उभारली. १८८१ च्या कायद्याने वेल्समधील दारूची दुकाने रविवारी बंद झाली. मद्याच्या जागी आता चहा आला. रविवारच्या शाळेचा वार्षिक मेळावा, चार गावांनी एकत्र येऊन केलेले भक्तिगीतांचे गायन, एखाद्या धर्मोपदेशकाचे स्वागत, अशा प्रत्येक प्रसंगी सभागृहात लांबच लांब मेजे मांडली जात आणि गावातील स्त्रिया घरून भाजून आणलेले पदार्थ त्यांवर मांडीत. लोणी लावलेले बारा ब्रीथचे पातळ काप त्यात असायचेच. खाणमालकाच्या कारकुनाची पत्नी आणि खाणमजुराची विधवा एकाच मेजावर बसून एकाच पावाचे काप खात. आपल्याकडे काल्याच्या कीर्तनानंतर एकाच हंडीतला काला सर्वांच्या ओंजळीत पडतो, तेव्हा जी भावना असते, तीच येथेही असणार.

समुद्रापलीकडे नेलेली शिदोरी

भाषा आणि उपासना आपल्याच देशात दबली जात आहे, असे वाटल्यावरून १८६५ मध्ये सुमारे दीडशे वेल्श स्त्री-पुरुष-बालके ‘मिमोसा’ नावाच्या जहाजातून लिव्हरपूल बंदर सोडून निघाली. २८ मे रोजी निघालेले हे जहाज २८ जुलै १८६५ रोजी दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील पॅटागोनियाच्या, म्हणजे आजच्या अर्जेंटिनाच्या, किनाऱ्याला लागले. हिरव्या कुरणांची आशा धरून आलेल्या या मंडळींना प्रत्यक्षात रखरखीत माळ भेटला. पहिली वर्षे उपासमारीची गेली. तेथील तेहुएल्चे या मूळ रहिवाशांनी त्यांना शिकार शिकविली आणि पुढे चुबुत नदीचे पाणी पाटांनी शेतात खेळविल्यावर वसाहत जगली.

त्या वसाहतीतही चहाची वेळ आणि सुक्या मेव्याचा तांबूस-काळा गोड पदार्थ टिकून राहिला. तेथे त्याला स्पॅनिश भाषेत ‘वेल्श काळा केक’ या अर्थाचे नाव पडले, आणि तो विवाहसमारंभाचा मानाचा पदार्थ ठरला. गायमान या गावातील चहागृहांत तो आजही मिळतो. दर वर्षी २८ जुलैला, जहाज किनाऱ्याला लागल्याच्या स्मरणार्थ, तेथील चॅपेलमध्ये मंडळी जमतात आणि एकत्र चहा घेतात. चौथ्या-पाचव्या पिढीतील कित्येकांच्या तोंडी आज स्पॅनिशच आहे. तरीही पणजीच्या हातची चव कोठून आली, हे त्यांना ठाऊक आहे.

येथे आपणही क्षणभर थांबून विचार करावा. वेल्समधील कित्येक जुनी चॅपेल आता बंद पडली आहेत. काहींची घरे झाली, काहींची गोदामे. बारा ब्रीथ मात्र प्रवाशांच्या दुकानांत चकचकीत वेष्टनात विकत मिळतो. पदार्थ उरला, पण तो ज्या पंक्तीसाठी भाजला जाई ती पंक्तीच उठून गेली, तर त्या पदार्थाला सणाचा पदार्थ का म्हणावे? हा प्रश्न केवळ वेल्सचा नव्हे. मिठाईच्या दुकानातून आणलेले मोदक आणि डब्यातले फराळाचे जिन्नस आपल्याही घरी येऊ लागले आहेत. वेळेअभावी ते आणावे लागतात, यात दोष कोणाचाच नाही. परंतु वर्षातून एखादा पदार्थ तरी घरच्या हातांनी, घरच्या लेकरांना सोबत घेऊन केला जावा. कारण पदार्थाचा अर्थ मुलांना त्याच्या चवीतून थोडा आणि तो करताना ऐकलेल्या गोष्टींतून अधिक कळतो.

खमिराकडून चहाकडे

मूळचा बारा ब्रीथ खमिराने फुगविलेला पाव होता. १८४५ मध्ये ब्रिस्टल येथील हेन्री जोन्स या पाववाल्याने आपोआप फुगणाऱ्या पिठाचे एकस्व मिळविले. पिठातच सोडा आणि आम्ल मिसळलेले असल्याने खमीर फुगण्याची वाट पाहण्याची गरज उरली नाही. पुढे घरोघरी नवी, सोपी रीत रूढ झाली. मनुका रात्रभर गोड चहात भिजत घालायच्या आणि सकाळी त्यात पीठ कालवून भाजायचे. या रीतीत लोणी-चरबी जवळजवळ लागतच नाही. चहा पिऊन टम्म फुगलेल्या मनुका पावाचा ओलावा राखतात, त्यामुळे तो शिळा होत नाही. उलट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक मुरतो आणि चविष्ट लागतो. चहातील किंचित तुरटपणा मनुकांच्या गोडीला आवर घालतो आणि गाभ्याला सुरेख तांबूस रंग आणतो.

शाकाहारी घरांनी घ्यावयाची दक्षता

भाविक घरात हा पदार्थ करावयाचा तर तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, जुन्या कृतींत पुष्कळदा डुकराची चरबी वापरीत, आणि चहाच्या नव्या कृतीत बहुधा एक अंडे घालतात. म्हणून परदेशात किंवा दुकानात तयार पाव घेताना वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय घेऊ नये. घरी मात्र चरबीऐवजी लोणी आणि अंड्याऐवजी दही वापरून उत्तम पाव होतो. चव बिघडत नाही, पोत किंचित अधिक मऊ होतो, इतकेच. दुसरी गोष्ट, काही हौशी लोक मनुका मद्यात भिजवितात. चॅपेलच्या परंपरेत त्याला थारा नव्हता, तेव्हा आपणही तो विचार करण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट, हा पाव मैद्याचा असल्याने उपवासाला चालणार नाही. देवासमोर त्याचा नैवेद्य दाखवावा की नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, आपल्या कुलाचाराप्रमाणे ठरवावे. पुरणपोळी-मोदकांचे स्थान त्यांचेच आहे. हा पाव पाहुण्यांच्या बशीत आणि दुपारच्या चहाच्या पंक्तीत शोभेल.

साहित्य

मनुका, बेदाणे व काळ्या मनुका मिळून पाव किलो, मैदा पाव किलो, तांबूस साखर अथवा पिवळा गूळ १२५ ग्रॅम, दूध न घातलेला कडक चहा २०० मिलिलिटर, घट्टसर ताजे दही पोह्याचे ४ चमचे, वितळलेले लोणी पोह्याचे २ चमचे, बेकिंग पावडर चहाचे २ चमचे, खाण्याचा सोडा चहाचा पाव चमचा, मीठ चिमूटभर, दालचिनी, जायफळ, लवंग आणि सुंठ यांची एकत्र बारीक पूड चहाचा १ चमचा. सांगली-तासगावचे बेदाणे या कामी उत्तम. संत्र्याची साखरेत मुरविलेली साल मिळाल्यास थोडी बारीक चिरून घालावी.

कृती

आदल्या रात्री चहाची पूड उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटे झाकून ठेवावी आणि चहा गाळून घ्यावा. तो गरम असतानाच साखर अथवा किसलेला गूळ त्यात विरघळवावा. गूळ वापरल्यास हे पाणी पुन्हा एकदा फडक्यातून गाळावे, म्हणजे त्यातील कचरा व रेव निघून जाते. मनुका निवडून, देठ काढून, धुऊन घ्याव्यात आणि या गोड चहात घालून भांडे रात्रभर झाकून ठेवावे. हे काम घरातील मुलांकडून करवून घ्यावे. सकाळी झाकण काढल्यावर सुरकुतलेल्या मनुका कशा गुबगुबीत झाल्या आहेत हे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद हाही सणाचाच भाग आहे.

सकाळी मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाल्याची पूड एकत्र करून दोनदा चाळावी. सुमारे ९ इंच लांब व ५ इंच रुंद अशा पावाच्या डब्याला आतून तुपाचा हात फिरवून तळाशी तूप लावलेला कागद घालावा. ओव्हन १६५ अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा. भिजलेल्या मनुका उरलेल्या चहासकट मोठ्या परातीत घेऊन त्यात दही व लोणी कालवावे आणि मग चाळलेला मैदा दोन-तीन वेळा करून हलक्या हाताने मिसळावा. फार वेळ फेटू नये; फेटल्याने पाव चिवट होतो. पीठ चमच्यातून सावकाश गळून पडेल इतपत सैल असावे. घट्ट वाटल्यास एक-दोन चमचे दूध घालावे. मात्र पातळ करू नये, नाहीतर मनुका तळाशी जाऊन बसतात आणि ठिपक्यांचा पाव ठिपक्यांवाचून राहतो.

डबा दोन-तृतीयांशापेक्षा अधिक न भरता तो लगेच ओव्हनमध्ये ठेवावा आणि साधारण एक तास ते सव्वा तास भाजावे. पहिली चाळीस मिनिटे दार उघडू नये. वरचा भाग फार लाल होऊ लागल्यास त्यावर कागद टाकावा. मध्यभागी विणायची सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली म्हणजे पाव झाला. दहा मिनिटांनी तो डब्यातून काढून जाळीवर पूर्ण निवू द्यावा, स्वच्छ कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशीच कापावा. थंडीच्या दिवसांत तो चार-पाच दिवस टिकतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन दिवसांनंतर फ्रिजमध्ये ठेवावा.

ओव्हन नाही म्हणून कोणी खंत करू नये. वेल्समधील गरीब बायकांनी झाकणावर पेटलेले पीट रचून हाच पाव भाजला, हे आपण वर पाहिलेच. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात इंचभर वाळूचा अथवा जाड्या मिठाचा थर घालावा, त्यावर तिवई ठेवून, जड झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर पातेले तापू द्यावे, आणि मग गोल डब्यात ओतलेले पीठ आत ठेवून मंद आचेवर भाजावे. पाणी अजिबात घालू नये. यात वेळ थोडा अधिक लागतो आणि वरचा रंग फिकट राहतो. चव मात्र तीच येते.

ज्यांना जुनी खमिराची रीत अनुभवायची आहे, त्यांनी अर्धा किलो मैद्यात ७ ग्रॅम कोरडे यीस्ट, ७५ ग्रॅम लोणी, ७५ ग्रॅम साखर, चहाचा १ चमचा मीठ व तितकाच मसाला घालून, सुमारे पाव लिटरहून थोड्या अधिक कोमट दुधात मऊ कणीक मळावी. दहा मिनिटे चांगली मळून, ओल्या फडक्याखाली ती दुप्पट होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड ते दोन तास, उबदार जागी ठेवावी. मग पाव किलो मनुका हळुवारपणे तिच्यात मळून, डब्यात घालून आणखी पाऊण तास फुगू द्यावी आणि १९० अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे भाजावी. या रीतीला अंड्याची गरजच पडत नाही. मूळ परंपरेच्या जवळचा पाव हाच.

काप वाटताना

बारा ब्रीथ मधोमध जाड तुकडे करून खाण्याचा पदार्थ नव्हे. धारदार सुरीने अर्ध्या बोटाएवढे पातळ काप काढावेत आणि प्रत्येकावर थोडेसे खारे लोणी लावावे. एका पावाचे असे पंधरा-सोळा काप सहज निघतात. म्हणजे घरची चार माणसे जेवून उठली तरी शेजारच्या दोन घरी बशी जाऊ शकते. पातळ कापण्यामागचे जुने कारण काटकसर हेच असेल. पण त्या काटकसरीमुळेच एका घरचा पाव अख्ख्या मेजाला पुरला.

भक्ताने प्रेमाने वाहिलेले पान, फूल, फळ वा नुसते पाणीही आपण स्वीकारतो, असे भगवंतांनी गीतेत सांगितले आहे. वेल्सच्या दगडी डोंगरांतील संताने लहान लहान गोष्टी करीत राहा म्हणून सांगितले. दोन्ही उपदेशांत देणाऱ्याच्या ऐपतीची अट नाही. अट आहे ती त्याच्या मनापासून केलेल्या कृतीची. म्हणून यंदाच्या सणात, यादीतला एखादा महागडा जिन्नस कमी झाला तरी चालेल. परंतु आदल्या रात्री मुलांच्या हाताने मूठभर मनुका भिजत घालाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी पहिला काप अशा एखाद्या शेजारघरी पाठवावा, जेथे या वर्षी सण करायला कोणी उरलेले नाही.